बाळंतिणीच्या खोलीतला आकडा

नांदेड, शुक्रवार

सिंधुअक्का, नमस्कार.

बाळंतीण उज्वला आणि माझा नातू खुशाल आहेत, काळजी नको.

काल हवा मोजणारी एक मुलगी घरी आली, हातात काडेपेटीएवढं यंत्र. मी झापलं, "इथं काय मोजतेस? रस्त्यावर ऑटोचा धूर मोज!"

"मोजला की मावशी. ऐंशी भरला."

तेवढ्यात बाळाच्या धुरीची वेळ झाली. दारं लावून मी निखाऱ्यावर ओवा टाकला. आकडा चढत चढत नऊशेवर! डोळ्यांना न दिसणारे कण ती डबी मोजत होती. कॉन्व्हेंटात शिकलेली मी, पण हे मला ठाऊकच नव्हतं. बाळ शिंकत होतं.

खिडकी मीच उघडली.

तुझ्या सुनेच्या बाळाला जळकोटात धुरी चालू असेल, तर आजच बंद कर. मीच शिकवली होती तुला. त्याचा खोकला कसा आहे?

तुझी धाकटी,
हेमलता