तुमच्या गमछ्याने पुसलेली पक्कड

बाबा, ती पक्कड तुम्ही हातमोज्यांशिवाय धरली नव्हती. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि हे एवढं एक वाक्य लिहायला मला तितकीच लागली.

कॉलेज अर्धवट सोडून मी चंद्रपूरहून घरी आलो होतो, कारण काय, तर गावातल्या एका मुलीत जीव गुंतला होता, तिच्यावाचून तिकडे करमत नव्हतं. घरात ज्याच्या-त्याच्याशी भांडतो म्हणून तुम्ही मला जंगलात फिरतीवर सोबत नेऊ लागलात. तुम्ही वनरक्षक, मी रिकामा. त्या सकाळी धानाच्या बांधावर वाघीण पडली होती, रानडुकरासाठी कोणीतरी करंट सोडलेल्या तारेला चिकटून मेलेली. तारेजवळ पक्कड. तुम्ही वाकून पाहता आणि म्हणता, "हात लावू नको. ज्यानं धरली त्याचा घाम असते मुठीवर, त्यावरून माणूस सापडते. ओलीत सडून जाते तो, म्हून कागदाच्या पाकिटात ठेवा लागते." गळ्यातला गमछा माझ्याकडे देऊन तुम्ही पाकीट आणायला गाडीकडे जाता. मुठीवर गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी मी केव्हाच ओळखली होती. तिच्या भावाची पक्कड. तिनं मला काही सांगितलं नव्हतं, तिला पत्ताही नव्हता. मीच आपला शहाणा. तुमच्या घामानं ओल्या गमछ्यानं मूठ रगडून पुसली आणि होती तशी ठेवली.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना खराब, दोन-तीन माणसांचा एकात मिसळलेला, आरोपी ठरवता येत नाही. ओळख पटली ती फक्त तुमची, कारण पंचनाम्यावर सह्या करणाऱ्यांचेही नमुने घेतले होते. माझं नाव कागदावर नव्हतंच. नाक्यावर सोबतचे हसले, "काऊन भाऊ, वाघीण तुम्हीच मारली म्हणते!" तुम्हीही हसलात. मग कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर लिहायला मी बसलो, माझं अक्षर चांगलं म्हणून. तुम्ही आपले हात उलटेपालटे करून पाहत होतात. "तू होता ना रे बाजूले? मी बिना हातमोज्याचा हात लावलो का?"

मी मान वर न करता म्हणालो, "हो बाबा, लावला होता. तुमच्या ध्यानात नसंल."

"असंल मग," म्हणालात, आणि सही केली. त्यानंतर जंगलात काहीही उचलायच्या आधी तुम्ही मला विचारायचात, "हातमोजे घातलो ना रे?" हातात घातलेले दिसत असून विचारायचात.

तुमच्या फाइलीतला तो कबुलीचा कागद खोटा ठरावा, म्हणून हे तुमच्या साहेबांना द्यायला लिहीत होतो. नाही देणार. तिच्या भावाला काही होईल म्हणून नाही. ती लग्न होऊन दुसऱ्याच्या घरी गेली. गडचिरोलीच्या बाजारात दिसली की अजून मला पाहून हसते. ते हसणं बंद होईल, एवढीच भीती आहे, बाबा.