माझ्या खोलीतला सर्व्हर

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. अन्याय दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी झाला.

आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या माणसांचे निरोप ज्यावरून जातात, तो सर्व्हर माझ्या खोलीतून हलवणार म्हणे. माझ्या चिरंजीवांनी, विनूने, मला न विचारता ठरवलं.

"आई, सगळं क्लाउडवर टाकतो. हा डबा बंद पडला की मलेच जिनिंगवरून पळत यावं लागते."

मग यावं की! आणि आपले निरोप परक्याच्या घरी ठेवायचे?

इन्व्हर्टर माझ्याकडे, म्हणून डबा इथे आला. मी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. उघडी वस्तू शोभत नाही, असं शाळेतल्या सिस्टर सांगायच्या. डबा तापतो, बंद पडतो. विनू येतो, झाकण काढतो, "काऊन घालतं वं हे?" म्हणून ओरडतो, आणि चहा पिऊन जातो. मी पुन्हा झाकण घालते.

क्लाउड बंद पडला तरी माझ्याकडे कोण येणार?

उद्या त्याला चिठ्ठी धाडते. सर्व्हर गेल्यावर तू चहाला कधी येणार, याचं लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. मोबाइलवर चालणार नाही. स्वतः आणून द्यायचं.