कानस माझ्याकडे आहे

बाबा,

बेसिनवरची तुमची बारीक कानस मी ऑफिसला घेऊन चाललेय, शोधत बसू नका. दाताची कॅप म्हणजे काय दाराची कड आहे, घेतली कानस आणि लागलात घासायला! कॅप एका बाजूला उंच बसलीय, म्हणून जबडा वाकडा मिटतो, गाल ठणकतो आणि कानापाशी कट्‌कन वाजतं. दार चौकटीला घासलं की बिजागरी खिळखिळी होते, हे सुतारालाच मी काय सांगू? चार वाजता डॉक्टरांकडे जा. ते रंगाचा कागद चावायला देऊन नेमकी तेवढीच जागा घासतील.

आणि मी वेगळी राहणार म्हटल्यापासून तुम्ही दात आवळून गप्प बसलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हीच सांगा. नाहीतर मला तरी सांगा.

— ठकी