पाणी जिरतंय का

सोमवार, ६ फेब्रुवारी १९८४
साहेबांनी माती-तपासणीची फाइल टेबलावर ठेवली आणि नाव वाचून मी गारच! बोरिवलीची आमचीच सोसायटी. सांगून टाकलं — यात माझ्या वडिलांचा प्लॉट आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, मातीला नाती कळत नाहीत, जा.

तिकडे गटाराची लाइन नाही. संडासाचं पाणी शोषखड्ड्यात जिरत असेल तरच बांधकामाला परवानगी. गिरणी सुटल्यापासून अण्णा त्या घराच्या आशेवरच जगताहेत. घरी काही बोलले नाही.

मंगळवार, ७
खड्डे खणून घेतले. खाडीकडच्या टोकाला रेती — खारी बिस्किटाने चहा प्यावा तसं पाणी गडप! मधे काळी चिकणमाती, ती ढिम्म. आमच्या प्लॉटवर तांबडा मुरूम. हा भरवशाचा, ना घाई ना आळस. पाणी भरून माती भिजत ठेवली. उद्या मोजायचं.

बुधवार, ८
मुरमातलं पाणी काठोकाठ! बोटभरही उतरलं नाही.

गुरुवार, ९
आजही तेच. मुरूम असा वागत नाही. पण दिसलं तेच लिहावं लागणार. जेवताना अण्णा विचारत होते, तुळस कुठल्या बाजूला लावू या.

शनिवार, ११
आज लवकर गेले. कुंपणापलीकडची सरूबाई कोळीण आमच्या खड्ड्यात हंडा रिकामा करतेय! आमच्या प्लॉटच्या खाली, उतारावर तिची विहीर आहे. मासळी घेऊन बाजाराला निघण्याआधी रोज एक हंडा ओतायची. आम्ही विहीर खणतोय आणि पाणी लागत नाही, असं वाटलं तिला. म्हणाली, "गोडं पानी दाखवल्याबिगर जमीन पानी देत नाय, पोरी."

हसावं की रडावं! आम्हाला पाणी जिरायला हवंय, एवढं तिला समजावलं. कसलं पाणी, ते काही जिभेवर येईना. लाज वाटली.

खड्डा पुन्हा भरला. कुणी परत ओतलं तर फिकं दिसेल, म्हणून लॅबमधला हिरवा रंग कालवला.

सोमवार, १३
जिरलं! मस्त जिरलं. अण्णांना सांगितलं तर नुसतेच खिडकीशी जाऊन उभे राहिले. आईने शिरा केला. रिपोर्ट लिहून ठेवलाय, उद्या देते. फार दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

मंगळवार, १४
ऑफिसला जायच्या आधी खड्ड्यातली मोजपट्टी काढून आणायला प्लॉटवर गेले. सरूबाई विहिरीवरून येत होती. मला बघून तोंडभर हसली. "जिरलं ना तुजं पानी? आता बांधा घर."

हंड्यातलं पाणी हिरवं होतं. मी तिला ते ओतून द्यायला लावलं.

रिपोर्टवर लिहिलं — शोषखड्डा नको. आता घरी जाऊन अण्णांना सांगायचंय.