सहावी आले ती रेस

४ मार्च, बेलवली (बदलापूर)
झाली निवड!! आमच्या कोच धर्मेश सरांनी फोनवर माझं नाव वाचलं आणि मी गॅलरीतून ओरडलेच. आधी थायलंडला सायकल रेस, मग बेल्जियममध्ये तीन. आम्ही सहा जणी. लीडर अर्थातच किर्तीताई, अंबरनाथची. सरांनी लगेच बजावलं, "प्राची, तुझं काम जिंकणं नाही. किर्तीला जिंकवणं." चालेल! पळेल!
आईचं भलतंच — "तिकडं जेवाला काय भेटंल गो?"

२१ मार्च, थायलंड
बाटलीतलं पाणी चहासारखं गरम. दिवसभर किर्तीताईच्या पुढे राहिले, सगळा वारा मी खाल्ला, तिचे पाय ताजे राहावेत म्हणून. शेवटी बाजूला झाले — "जा!" ती आठवी! मी चौऱ्याहत्तरावी. रेस संपल्यावर तिने गर्दीत मलाच शोधलं. "तू नसतीस तर वाट लागली असती यार!"

२६ एप्रिल, बेल्जियम
सहा डिग्री. दगडी रस्ता. दात वाजतायत ते थंडीने की दगडांनी, कळत नाही. चाळीस किलोमीटर राहिले असताना मागे पडले. वेळेत पोचले नाही, म्हणून निकालात नावच नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१ मे
दुसरी रेस पूर्ण केली!!! एकशे बारावी. असू दे!

९ मे
तिसरी रेस, टेकड्यांची. आज पाय असे चालले की माझा मलाच विश्वास बसेना. बारा किलोमीटर बाकी, सगळ्यात पुढच्या घोळक्यात फक्त चौदा जणी — त्यात आम्ही दोघी! आणि किर्तीताईचं चाक पंक्चर. जादा चाकं असलेली सरांची गाडी पार मागे अडकलेली. कानातल्या रेडिओवर सर ओरडले, "प्राची, थांब! तुझं चाक किर्तीला दे!"
स्पष्ट ऐकू आलं.
मी थांबले नाही.
सहावी आले. सहावी! पोरी नाचत होत्या, मीही नाचले. किर्तीताई एकोणसाठावी. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "रेडिओ बंद पडला होता, सर." जीभ अडखळलीसुद्धा नाही.

११ मे
विमानात किर्तीताई शेजारी. तिने खिडकीची सीट मला दिली.

१४ मे, बदलापूर
स्टेशनबाहेर ढोल! नाक्यावर माझा हाऽ एवढा बॅनर, शेजारच्या अमितदादाने लावलेला. आण्णा दिसेल त्याला पेढा देत सांगतायत, "माझी पोर सहावी आली! गोऱ्या पोरींमध्ये सहावी!" इतके खूश मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. फोटोंसाठी हसून हसून गाल दुखले.
बॅनरवर किर्तीताईचं नाव कुठेच नाही.

१६ मे
झोप नाही. उद्या जाते सरांकडे. टीममधून काढलं तर काढलं.

१७ मे, उल्हासनगर
सरांच्या गेटबाहेर बसून लिहितेय. चहा यायच्या आधीच सांगून टाकलं — रेडिओ चालू होता, मी ऐकलं होतं. सर म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. काढणारच होतो तुला. किर्तीने अडवलं. म्हणाली, सर, घाई नको, ती स्वतः येऊन सांगेल."
सायकल काढतेय. अंबरनाथ पूर्वेला, किर्तीताईकडे.