स्वच्छ डिझेलची गाडी

सोमवार, ५ मार्च २०१२

हायब्रिड बस विकणारा डॅरेल आज डेपोत आला. बूट काय चकचकीत! चहाच्या खोलीत उभा राहून म्हणतो, "तुमची स्वच्छ डिझेल म्हणजे आजीबाईला लिपस्टिक." आणि हसले काहीजण! मी म्हटलं, "आणि तुझ्या गाडीत काय जळतं रे, संत्र्याचा रस?" तिच्यातही डिझेलच जळतं, शेजारी बॅटरी बसवलीय इतकंच. 

महिनाभराची चाचणी. त्याची हायब्रिड पाइन हिलच्या मार्गावर, मी चालवते ती नवी डिझेल ब्रॉकव्हिलच्या. जी जिंकेल तशा चाळीस गाड्या आमच्या ड्युनेडिन शहरात येणार. आणि हायब्रिड आली तर दुरुस्ती डॅरेलची माणसं करणार, करारातच आहे तसं. म्हणजे आमच्या वर्कशॉपला टाळं. तिथला मुख्य मेकॅनिक माझा अलिस्टर, तो आणि त्याचे सहाजण घरी. छप्पन्नाव्या वर्षी माझ्या नवऱ्याला कोण दारात उभं करणार? संताप नुसता!

गुरुवार, ८ मार्च

गाडी आज पुन्हा अडून बसली — भर जॉर्ज स्ट्रीटवर, मागे रांग. चार दिवसांत तिसऱ्यांदा. लाल दिवा लागतो आणि गाडी गोगलगाय होते. धूर गाळायचा फिल्टर तुंबतो म्हणे. डॅरेलला उकळ्या फुटत असतील.

सोमवार, १२ मार्च

काल रविवार असून अलिस्टर दिवसभर गाडीखाली होता. आज ब्रॉकव्हिलचा चढ कसा चढली! लाल दिवा नाही, काही नाही, डिझेलही कमी पितेय. वा रे माझ्या पठ्ठ्या! डॅरेलला सांगायला हवं, आजीबाई धावतेय म्हणून.

शुक्रवार, १६ मार्च

डोकं फिरलंय आज.

शेवटच्या थांब्यावर मी इंजिन चालू ठेवून नऊ मिनिटं थांबते. समोरच्या घरात लोसा तुइलागी राहते, सामोअन बाई, दोन लहानगी पोरं, मोठ्याला दमा. कपड्यांची टोपली घेऊन थेट गाडीच्या दारात आली. "बघा बाई, बाळाची दुपटी. पंधरवड्यापूर्वी असं नव्हतं. तुमची गाडी उभी राहते आणि हे असं होतं." पांढऱ्यावर काळे कण, खरंच. मी म्हटलं, "शेजाऱ्यांच्या कोळशाच्या शेगडीला जाऊन विचारा. गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'स्वच्छ' लिहिलंय, वाचता येतं ना?"

ती टोपली उचलून गेली. जरा जास्तच बोलले मी. पण येऊनजाऊन खापर माझ्याच गाडीवर का?

शनिवार, २४ मार्च

माझं पत्र पेपरात आलं! चांगलं अर्धा रकाना. "चोवीस वर्षं बस चालवतेय. या गाडीच्या धुराड्यापाशी मी माझी नातवंडं उभी करीन." डेपोत भिंतीवर चिकटवलंय कुणीतरी.

अलिस्टरने वाचलं आणि घडी घालून ठेवलं. चीज रोल भाजत होता. सगळे करपवले.

मंगळवार, २७ मार्च

लोसा परत आली. गाडीत आठ-नऊ माणसं. सगळ्यांसमोर म्हणाली, "पेपरात वाचलं तुमचं. मग ही धरा त्या धुराड्यापाशी." हातात उशीची पांढरी खोळ. माझ्या अंगाची लाही झाली. म्हटलं, आण इकडे! उतरले, मागे गेले, दोन मिनिटं धरली.

काळीकुट्ट.

कुणी हसलं नाही, तेच वाईट. एक म्हातारा उतरताना रोजच्यासारखं "थँक यू, ड्रायव्हर" म्हणून गेला.  लोसाचा मोठा तिच्या मागे खोकत होता. माफीही मागितली नाही मी. खोळ तशीच घेऊन आले.

बुधवार, २८ मार्च

खोळ अलिस्टरच्या पुढ्यात टाकली. म्हटलं, हे काय?

खोळ उलटून बघितली त्याने. मग म्हणाला, "नुसता डबा आहे, मो. आतलं फोडून काढलं मी."

"फिल्टरच नाही?"

"हायवेला पळवली की तो तापतो, काजळी आपोआप जळते. गावात दर दोनशे मीटरवर थांबा. तापणार कधी तो? तुंबणारच. रोज बंद पडली असती, चाचणी हरलो असतो. सातजण आहोत गं."

"आणि मी? मी पेपरात नातवंडं उभी केली रे तिथे!"

"लिहिण्याआधी मला विचारलं असतंस तर..."

खापर माझ्यावरच! डॅरेलचाही इतका राग आला नव्हता कधी. हा माणूस थापा मारत नाही म्हणून तर याच्याशी लग्न केलं. दोन आठवडे माझ्याच हातून त्या पोरांच्या नाकात काजळी घातली, आणि मी मिरवत होते! बोलत नाहीये त्याच्याशी.

सोमवार, २ एप्रिल

उद्या गाड्या निवडणाऱ्या समितीची बैठक. ड्रायव्हरचा अनुभव सांगायला मला बोलावलंय. गप्प बसले तर चाळीस रिकामे डबे शहरभर फिरणार. बोलले तर नवऱ्याची नोकरी जाणार, सोबत सहाजणांची. त्यातल्या दोघांच्या लग्नात जेवलेय मी.

अलिस्टर सकाळी एवढंच म्हणाला, "तुला पटेल ते बोल. मी येणार आहे." ये म्हणावं की नको म्हणावं, कळेना. 

मंगळवार, ३ एप्रिल

सांगितलं. खोळही दाखवली.

तो तिसऱ्या रांगेत होता. अध्यक्षबाईंनी "हे कुणी केलं?" विचारलं. तो उभा राहिला. "मी. माझ्या माणसांना माहीत नव्हतं." जागच्या जागी निलंबित केलं त्याला. मला रडू फुटलं, रागानेच.

डॅरेल उठून टाय सारखा करत होता, जिंकलाच म्हणून. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बसा. उद्या दोन्ही गाड्या उघडा." तर हा लगेच, "आमच्या गाडीला बाहेरचा हात लागला तर हमी जाते!" त्या म्हणाल्या, "जाऊ दे."

बुधवार, ४ एप्रिल

डॅरेलची माणसं आलीच नाहीत. फिल्टरचा डबा खोलता येणारं दुसरं कुणी हजर नाही. शेवटी निलंबित अलिस्टरलाच घरून बोलावलं.

हायब्रिडच्या फिल्टरच्या डब्यात त्याने कोपरापर्यंत हात घातला. तोही रिकामा.