चार बोटं आकाश

ती. मावशीस शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? डोळ्यांत थेंब नेमाने घालतेस ना? इकडे आम्ही मजेत (हा शब्द दोनदा खोडला; निम्मा खरा आहे म्हणून ठेवला).

तू कापडावर काढलेलं चित्र पोचलं त्याच दिवशी मी ते फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याच्याकडची तयार फ्रेम चार बोटं कमी पडत होती. "वर नुसतं निळं आकाशच आहे, कापू?" त्याने विचारलं. मी नीट न बघताच "कापा" म्हणालो. (दोष त्याचा नाही. मीच म्हणालो.) मग तुझा फोन: "रविवारी येतेय. काय रे, चित्रात तू सापडलास का?" मी पटकन म्हणालो, "हो तर! गच्चीवर." तू फक्त "हं" म्हणालीस. ते "हं" अजून माझ्या कानात बसून आहे.

तेव्हापासून ऑफिसातून आलो की मी चित्रात स्वतःला शोधतो. तुझ्या चित्रात लांब-जवळ असं काही नाहीच. डोंगर घराच्या मागे नाही, वाळत घातलेल्या चादरीसारखा थेट कौलांवर. झाडं शर्टाच्या बटणांसारखी, रस्ता शिडीसारखा सरळ वर. ती शिडी चढता चढता चहा निवतो, बायको हाका मारते, आणि मी तिसऱ्या झाडापाशी उभा असतो. तिथे वारा नाही, सावली नाही, तरी फार बरं वाटतं. पण मी काही सापडलो नाही. (गच्चीवर मांजर आहे.)

शेवटी फ्रेमवाल्याकडे गेलो. त्या कापलेल्या पट्टीने त्याने लाकडांचा भारा बांधला होता. सोडून पाहिली. मावशी, ते आकाश नव्हतंच, तळं होतं! डोंगरापलीकडचं, म्हणून तू सगळ्यांत वर काढलेलं. तळ्यात एवढीशी नाव, नावेत एक चष्मेवाला आडवा, छातीवर उघडी वही. मीच.

पट्टी आता चित्रासमोरच्या भिंतीवर लावली आहे, मध्ये माझी खुर्ची. संध्याकाळी मधली सगळी खोली हळूहळू निळी होते, आणि मला पाय वर घ्यावेसे वाटतात.

रागावू नकोस.

तुझा खोटं बोललेला भाचा

ता. क. रविवारी रंग घेऊनच ये. गच्चीवर मांजराशेजारी एक छोटा माणूस काढलास, तर माझं बोलणं मागाहून तरी खरं होईल.

आणखी ता. क. गच्ची राहू दे. बायको आत्ता बराच वेळ पट्टीसमोर उभी होती. एवढंच म्हणाली, "नावेत एकटेच?" तिला माझ्या शेजारी बसव. नावेत जागा नाही, हे मी तिला बोट ठेवून दाखवलं. ती म्हणते, मावशींना सांगा, वही पाण्यात टाका.